मधल्याला बसवायचं कसं

अमेरिकन फुटबॉल मी आयुष्यात एकदाही खेळलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कार्डिफमधल्या एका युनिव्हर्सिटी टीमचा डिफेन्स, म्हणजे समोरच्यांना अडवणारे अकरा जण, बरीच वर्षं माझ्या ताब्यात होता. या दोन गोष्टी एका दमात ऐकल्या की लोक मला थापाड्या समजतात. तसं काही नाही. मी पुण्याचा आहे, आणि न केलेल्या गोष्टींबद्दल ठाम मत असणं हे आमच्याकडे लहानपणीच अंगात मुरतं.

झालं असं, की पंचविशीत मी मास्टर्स करायला अमेरिकेत अशा गावात जाऊन पडलो जिथे मका आणि फुटबॉल सोडून काही उगवत नव्हतं. कॅम्पसवर तासावर काम मिळालं ते कॉलेजच्या टीमच्या सरावाचं शूटिंग करण्याचं. मैदानाच्या कडेला एक लोखंडी मचाण, त्यावर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे कुडकुडणारा मी. दोन वर्षं मी तो खेळ फक्त वरून पाहिला. खाली माणसं एकमेकांची हाडं मोडत होती आणि मला दिसत होत्या त्या आकृत्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, त्याचं मी रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे.

पुढे नोकरी लागली ती कार्डिफच्या एका हॉस्पिटलात. ऑपरेशन थिएटरांचं वेळापत्रक लावायचं, कुठला सर्जन किती वाजता कुठल्या थिएटरला, हे काम. एका रविवारी घराजवळच्या पार्कात फिरायला गेलो तर हेल्मेट घातलेली पोरं रग्बीच्या मैदानावर धडपडत होती. त्यांचा डिफेन्स इतका चुकीचा उभा होता की मला राहवेना. मी कडेवरून दोनतीनदा ओरडलो. त्यांचा कोच माझ्याकडे आला आणि म्हणाला, एवढं कळतंय तर पुढच्या रविवारपासून तूच ये. मतं असलेला आणि फुकट राबणारा माणूस सोडेल कोण? मी अडकलो तो अडकलोच.

ब्रिटनमधलं युनिव्हर्सिटी फुटबॉल म्हणजे टीव्हीवर दिसतं ते नव्हे, हेही सांगून ठेवतो. तिकडे लाखभर लोक, बँड, आतषबाजी. इकडे चिखल, पोरांच्या दोन गर्लफ्रेंड, एक कुत्रा आणि एक म्हातारा, ज्याला शेवटपर्यंत वाटत राहतं की हे रग्बीच आहे आणि आम्ही ते वाईट खेळतोय. हेल्मेटं कमी पडली की बाहेर येणाऱ्याचं आत जाणाऱ्याला द्यायचं, आतल्या घामासकट. मला हे सगळं मनापासून आवडायचं. बायको म्हणायची, दर रविवारी पावसात उभं राहून परक्यांच्या पोरांवर खेकसायला जातोस, त्यापेक्षा घरी थांब, इथेही खेकसायला जागा आहे.

माझा डिफेन्स जुन्या पद्धतीचा होता. चार दांडगे अगदी पुढे, त्यांच्यामागे तिघे, आणि लांब मागे चार चपळ. त्या तिघांतला मधला हा सगळ्या इमारतीचा खांब. समोरचे चेंडू घेऊन मधून घुसले की मधल्याने त्यांना आडवं करायचं आणि उठून पुन्हा जागेवर यायचं. याच्या आकृत्या मी चार रंगांच्या पेनांनी वहीत काढल्या होत्या आणि त्या वहीला मी कोणाला हात लावू देत नसे. कितीतरी वर्षं ते छान चाललं, कारण समोरचेही आमच्यासारखेच मठ्ठ होते. सगळे मध्ये गर्दी करायचे आणि ज्याच्याकडे जास्त मांस तो जिंकायचा.

मग समोरच्यांना अक्कल आली. त्यांनी मधली गर्दी मोडली आणि चारपाच पळणारी पोरं मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून उभी केली. याला स्प्रेड म्हणतात. अमेरिकेत हे जुनं झालंय, आमच्या चिखलापर्यंत पोचायला वेळ लागला इतकंच. या खेळात चेंडू ज्याच्या हातात असतो तो त्यांचा क्वार्टरबॅक फक्त एका माणसाकडे बघतो, आमच्या मधल्याकडे. मधला पुढे धावला, की त्याच्या पाठीमागे रिकाम्या झालेल्या जागेत चेंडू फेकायचा. मधला मागे थांबला, की स्वतःच चेंडू घेऊन पुढे पळत सुटायचं. मधल्याने काहीही केलं तरी ते चूकच ठरतं, घरात नव्या सुनेचं ठरतं तसं. मधला चपळ असेल तर निदान अर्ध्या वेळा दोन्हीकडे पोचतो. आमचा मधला चपळ नव्हता.

आमचा मधला पिनरचा, म्हणजे लंडनच्या उपनगरातला. शेवटच्या वर्षाला, इंजिनिअरिंगला. तीन वर्षांपूर्वी सरावाला पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं कुणीतरी कपाटच आणून उभं केलंय. त्या दिवशी मी नेहमीसारखा पुढच्या चौघांपैकी एकाला मराठीत शिव्या घालत होतो. मराठीत, कारण वेल्समध्ये ते सुरक्षित असतं. मागून हे कपाट अतिशय नम्रपणे म्हणालं की काका, मला सगळी समजते. मी मनातल्या मनात मागची पाच वाक्यं आठवली आणि मला घाम फुटला. तेव्हापासून तो मैदानावर मला कोच म्हणे आणि बाहेर काका. त्याची मराठी घरात शिकलेली, स्त्रीलिंग-पुल्लिंगाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, पण तो हट्टाने माझ्याशी मराठीतच बोलायचा.

फार गुणी पोरगा. ताकद म्हणाल तर रेड्याची आणि डोकं म्हणाल तर माझ्यापेक्षा चांगलं. समोरचे कसे उभे आहेत हे बघून ते काय करणार ते तो आधी ओळखायचा आणि बाकीच्यांना ओरडून सांगायचा. फक्त ओळखल्यावर तिथे जायला त्याला वेळ लागायचा. जुन्या खेळात हे चालून जायचं, कारण सगळे त्याच्याच अंगावर येत. स्प्रेडमध्ये कोणी त्याच्या अंगावर येतच नव्हतं. त्या सीझनला आम्ही ओळीने तीन मॅच हरलो, आणि तिन्ही त्याच्या डाव्या-उजव्या बाजूने.

आता त्याच्या घराबद्दल सांगायला हवं. डिसेंबरमध्ये आमची लंडनला मॅच होती, त्यानंतर ख्रिसमसची सुट्टी. त्याच्याकडे दोन बॅगा आणि एक चिखलाने माखलेली किट होती, म्हणून मी त्याला माझ्या गाडीतून पिनरला सोडलं. आईवडील दारात आले. आई भूलतज्ज्ञ, वडील रेल्वेत सिग्नलचे इंजिनिअर. आत आलो, बूट काढले, मान वर केली आणि समोर भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो, जो ओळखायला मराठी माणसाला नाव लागत नाही. शेजारी बुद्ध. वडील हात जोडून म्हणाले, जय भीम.

मी म्हणालो, नमस्कार. मग वाटलं हे चुकलं, आणि तीन सेकंदांनी मी गरजेपेक्षा फार मोठ्याने जय भीम म्हणालो. इतक्या मोठ्याने की आत गेलेली त्याची आई स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून बघायला आली. पोरगा हसू दाबत बूट लावायला वळला. वडिलांनी मात्र काहीच न घडल्यासारखं, चहा घ्याल ना, असं विचारलं.

मी असा का वागलो ते मला चांगलं माहीत आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. मी ज्या घरात वाढलो तिथे 'ते लोक' हे शब्द आवाज खाली करून उच्चारत. कोणाच्या मुलाला मेडिकलला सीट मिळाली की जेवताना कोणीतरी आडनाव विचारायचं, आणि आडनाव कळलं की 'अच्छा, मग मिळणारच' असं म्हणून आमटी वाढून घ्यायचं. मी तेव्हा पंधरासोळा वर्षांचा होतो, सगळं समजत होतं आणि मी गप्प बसून आमटीच खात होतो. मोठा झाल्यावर मी स्वतःला फार सुधारलेला समजायला लागलो. पण त्या हॉलमध्ये उभं राहिल्यावर माझी सुधारणा तीन सेकंद उशिरा आली.

चहा, मग जेवण, मग पुन्हा चहा झाला. वडील कमी बोलत, पण खेळाबद्दल त्यांनी जे प्रश्न विचारले ते आमच्या हेड कोचलाही सुचले नसते. मैदान इतकं रुंद असताना तुमची माणसं सगळी मध्ये का, असं त्यांनी बशीतल्या बिस्किटांकडे बघत विचारलं. मी अर्धा तास उत्तर दिलं. उत्तर चुकीचं होतं.

बरोबर उत्तर मला जानेवारीअखेर सापडलं, ते हॉस्पिटलात. माझ्या ऑफिसच्या भिंतीवर थिएटरांचा पांढरा बोर्ड आहे. त्या सकाळी दोन नंबरला सगळ्यात अनुभवी हाडांचे सर्जन पेशंटची वाट बघत बसले होते आणि पाच नंबरला गर्दी उसळली होती. मी एक नाव पुसलं, दुसरं सरकवलं, आणि मार्कर हातात तसाच धरून उभा राहिलो. जिथे काम उरलेलं नाही तिथे मी सगळ्यात भारी माणूस उभा करून ठेवला होता, हॉस्पिटलात एक सकाळ आणि मैदानावर अख्खा सीझन.

उपाय सोपा होता आणि जगाला ठाऊक होता, फक्त माझ्या वहीत नव्हता. मागचे चपळ चारऐवजी पाच करायचे. अमेरिकेत याला निकल म्हणतात, त्यांच्या पाच सेंटच्या नाण्यावरून. पण मैदानावर अकराच जण, म्हणजे पाचवा चपळ आत आणायचा तर कोणीतरी बाहेर जायला हवा. पुस्तकात तिघांतल्या कडेच्या एकाला काढतात. आमचे कडेचे दोघं चांगले पळणारे होते, त्यातला एक आरामात मध्ये सरकला असता. काढायचं ते मधल्यालाच. त्याच्या जागी पाचवा म्हणून पहिल्या वर्षाचा एक बारका होता, स्वान्झीचा, शाळेत धावण्याच्या शर्यती केलेला. वजन एखाद्या ओल्या टॉवेलएवढं, पण चेंडू पडायच्या आत तिथे पोचायचा.

बुधवारच्या सरावाला मी ते करून पाहिलं. वीस मिनिटं मधला कडेला, बारका आत. आमच्याच दुसऱ्या पोरांनी स्प्रेड खेळून दाखवला आणि त्यांना काही म्हणजे काही जमेना. मैदानात कुठे रिकामी जागाच उरली नाही. आणि बारक्याला कुठे उभं राहायचं हे कोण शिकवत होतं, तर आमचा मधला. कडेवर उभा राहून तो त्याला समोरच्यांच्या पायांकडे बघ, टाचा कुठे वळल्यात बघ, असं समजावत होता. सराव संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि त्याने विचारलं की रविवारी आपण हेच करणार ना?

मी म्हणालो, बघू.

मराठीत 'बघू' म्हणजे काय हे त्याला पिनरमध्येही शिकवलेलं असणार. तो मान हलवून निघून गेला.

रविवारची मॅच सीझनची शेवटची. हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होतो, आणि समोरची टीम स्प्रेडशिवाय दुसरं काही खेळतच नव्हती. इतकं स्वच्छ होतं सगळं. पण गुरुवारी त्याच्या आईचा फोन आला. तीन वर्षांत कधी सुट्टी जुळली नाही, आता ही त्याची शेवटची मॅच, तेव्हा आम्ही दोघं येतोय बघायला, असं त्या सांगत होत्या. मग म्हणाल्या, "तो खेळणार आहे ना? नाहीतर आम्ही आपले उगीच येऊन बसू."

इथे सरळ सांगायचं होतं. की वहिनी, तुमचा मुलगा उत्तम आहे, पण हा खेळ त्याचा नाही, रविवारी तो माझ्या शेजारी उभा राहील. एवढंच. माझ्या तोंडातून निघालं, "म्हणजे काय! त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

नुसती भीड होती म्हणालो असतो, तर बरं दिसलं असतं. येणार म्हणणाऱ्या पाहुण्याला आपण नाही म्हणू शकत नाही, हा आपला राष्ट्रीय आजार आहे. पण ती निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी अशी, की मला सारखं दिसत होतं, ते दोघं इतक्या लांबून येणार, आणि पुण्याचा, माझ्या आडनावाचा माणूस त्यांच्या मुलाला कडेला उभा करणार. ते मनात काय म्हणतील? ते काही म्हणणार नाहीत, नुसते एकमेकांकडे बघतील, आणि मला ते बघणं सहन होणार नव्हतं.

बायकोला मी अर्धवटच सांगितलं होतं. तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, "बारका जाडा असता आणि त्याचे आईबाप स्वान्झीहून येणार असते, तर काय केलं असतंस?" मी म्हटलं, त्याला बसवलं असतं. "मग?" तिने विचारलं. तुला फुटबॉलमधलं काही कळत नाही, असं सांगून मी गाडी धुवायला बाहेर गेलो. कार्डिफमध्ये, भर पावसात.

रविवारी दुपारी बाराला ते आले. दोघांकडे घडीच्या खुर्च्या, आईच्या डोक्यावर निळी लोकरीची टोपी आणि हातात दोन मोठे डबे. चाळीसेक पोरांना पुरतील इतके चपातीचे रोल त्यांनी पहाटे उठून केले होते, खिम्याचे. त्यांनी डबा उघडून माझ्यासमोर धरला. मी जन्माचा शाकाहारी. तरी मी एक उचलला आणि वा वा करत अर्धा खाल्लासुद्धा, लोकांना दिसेल असा. त्या माझ्याकडे जरा नवलाने बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, तुमच्यासाठी पनीरचे वेगळे आणलेत, तो म्हणाला होता तुम्ही खात नाही म्हणून. उरलेला अर्धा हातात धरून मी तसाच उभा राहिलो. तो कुत्रा देवासारखा धावून आला.

आमचा मधला मैदानात उतरला. अमेरिकन फुटबॉलमध्ये कितीही वेळा कोणालाही बदलता येतं, दर तीस सेकंदांनी बदललं तरी कोणी विचारत नाही. म्हणजे मला प्रत्येक तीस सेकंदांनी माझी चूक सुधारायची संधी होती. पहिल्याच खेपेला त्यांच्या क्वार्टरबॅकने मान वळवली आणि आमच्या मधल्याकडे बघितलं. मधला पुढे गेला, चेंडू त्याच्या मागे पडला. दुसऱ्या खेपेला मधला थांबला आणि क्वार्टरबॅक त्याच्या बगलेतून निघून गेला. आपला पोरगा वळला, पाय चिखलात रुतले, आणि तो पालथा पडला. कडेवरचा म्हातारा हसला. इतकं वाईट रग्बी त्यानेही पाहिलं नसावं.

पहिल्या डावात हे सतत चाललं होतं. आमच्या मागच्या चौघांपैकी एकाने मध्येच एक चेंडू सोडला, तर मी खेकसून त्याला लगेच बाहेर बोलावलं आणि दुसरा पाठवला. मधल्याला नाही बोलावलं. बारका माझ्याशेजारी हेल्मेट घालून उड्या मारत होता, अंग गरम ठेवायला, आणि दर खेपेला माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी खुर्च्यांकडेही बघत नव्हतो. शेवटीशेवटी समोरच्यांना इतका विश्वास आला होता की ते खेप सुरू व्हायच्या आधीच हसत मधल्याकडे बोट दाखवत होते. त्याने ते पाहिलं. तो गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा जागेवर वाकला. तरीही मी हात वर केला नाही.

मध्यंतराला त्यांचे तीन टचडाउन, म्हणजे या खेळातले गोल, आमचा एक. आमची पोरं पाणी प्यायली आणि सगळे माझ्यापासून जरा लांबच बसले. मधला सरळ माझ्याकडे आला. तोंड चिखलाने भरलेलं, फक्त डोळे दिसत होते.

"कोच, मला काढा," तो म्हणाला.

मी म्हटलं, बघू, अजून थोडा वेळ बघू, तुझा जोर चांगला आहे.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या दुसऱ्याला तुम्ही एका चुकीसाठी काढलंत. मला का नाही?"

उत्तर मला पाठ होतं, पण ते त्याला देता येण्यासारखं नव्हतं. तो समोरच्यांच्या टाचा बघून पुढचं ओळखणारा मुलगा, माझ्या तोंडाकडे बघून त्याला काय कळायचं ते कळलं असणार. त्याने बारक्याला हाक मारली, खांद्यावर हात ठेवून जा म्हणाला, आणि स्वतःचं हेल्मेट काढून खाली गवतावर ठेवलं. निर्णय माझा होता आणि तो एकवीस वर्षांच्या पोराने घेतला.

दुसऱ्या डावात त्यांना एकही पॉइंट मिळाला नाही. अख्खा वेळ आमचा मधला कडेवर उभा राहून ओरडून सांगत होता, कोण कुठे जाणार, कोणी कुणाला धरायचं. मी नुसता त्याच्या शेजारी उभा होतो, एखाद्या लग्नात नवऱ्या मुलाच्या लांबच्या काकासारखा. बारक्याने दोन चेंडू हवेतच फटकावून पाडले. त्यांचा क्वार्टरबॅक मधल्याला शोधत मान वळवायचा आणि तिथे त्याला कोणी सापडायचं नाही. आम्ही एक टचडाउन केला, दुसऱ्यासाठी पळत होतो आणि वेळ संपला. एका टचडाउनने आम्ही हरलो आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो. पहिला डाव मी फुकट घालवला नसता तर जिंकलो असतो, हे सांगायला वरच्या मचाणावर चढायची गरज नव्हती.

पोरं रडली. बारका तर चिखलात फतकल मारूनच बसला. मधला प्रत्येकाजवळ जाऊन त्याला उठवत होता. मी आवाज नीट करून खुर्च्यांकडे गेलो. त्याची आई पोरांना रोल वाटायला पुढे गेली होती आणि वडील एकटेच खुर्च्या मिटत होते. काय बोलायचं ते मी चालता चालता जुळवलं होतं, तेच म्हणून टाकलं. सॉरी, तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि त्याला दुसऱ्या डावात खेळायला मिळालं नाही.

त्यांनी खुर्ची पिशवीत घातली, पिशवीची दोरी ओढली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"दुसऱ्या डावाबद्दल माझी काही तक्रार नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या डावात तो चांगला उभा होता. पहिल्या डावात तुमच्या त्या दुसऱ्या मुलाला एका चुकीवर बाहेर बोलावलंत. माझ्या मुलाच्या मी नऊ मोजल्या."

मी म्हटलं, तुम्ही आला होतात म्हणून.

"आम्ही म्हणून," ते म्हणाले. आवाज जराही चढलेला नव्हता. "मला आयुष्यभर लोक सांगत आले, तुला जागा मेहेरबानीने मिळाली. कॉलेजात, नोकरीत, इथे आल्यावर आपल्याच लोकांनीसुद्धा. ते खोटं होतं, म्हणून मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. माझ्या मुलाला असं कोणी म्हणू शकणार नाही, एवढं मी बघितलं होतं. आज तासभर ते खरं होतं. तुम्ही ते खरं केलंत."

मग त्यांनी दोन्ही खुर्च्या खांद्याला लावल्या आणि मुलाला उशीर करू नको म्हणून हाक मारायला ते पुढे गेले.